तीन उन्हांची मिरची

मसाल्याच्या डंकावर पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला लोक पहिला प्रश्न विचारतात तो ठसक्याचा. तुम्हाला त्रास होत नाही का हो? होतो. पहिली दोन वर्षं होतो, मग नाक हार मानतं. आता उलटं झालंय. काम सोडल्यापासून मला घरी सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात आणि डॉक्टर म्हणतात, धुळीची ॲलर्जी आहे. जन्मभर मिरचीला दाद दिली नाही आणि म्हातारपणी धुळीसमोर नांगी टाकली.

आमच्या विभागाच्या दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादक मंडळातल्या मुली सांगायला आल्या तेव्हा त्यांना गमतीजमती हव्या होत्या. लालबागची मसाल्याची गल्ली, गिऱ्हाइकांचे नखरे, कुठल्या मिरचीनं रंग येतो आणि कुठलीनं डोळ्यांत पाणी. त्यातलं थोडं सांगते. पण मला खरं जे सांगायचंय ते गमतीचं नाही. त्याची मला लाज वाटते, आणि चार वर्षं झाली तरी ती कमी झालेली नाही.

ज्यांच्या घरी मसाला पाकिटातून येतो त्यांच्यासाठी आधी आमचं काम काय ते सांगते. मार्च ते मे हा आमचा सीझन. या तीन महिन्यांत घरोघरच्या बायका वर्षाचा मसाला करून घेतात. मालवणी, आगरी, कोल्हापुरी, प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि आपल्यासारखं प्रमाण जगात कुणाचं नाही याची प्रत्येक घराला खात्री. मिरची निवडायची, उन्हात वाळवायची, देठं काढायची, धणे-लवंग-दालचिनी-दगडफूल एकेक करून भाजायचं, मिरची हलकी परतायची, आणि सगळं डंकावर कुटून चाळून घ्यायचं. डंक म्हणजे विजेवर चालणारं उखळ-मुसळ. लोखंडी मुसळं धाडधाड खाली येतात, आणि समोर स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक आपल्या मसाल्यात दुसऱ्याचा मिसळत नाही ना, यावर पोलिसासारखी नजर ठेवून असतं.

माझ्या नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा मी देठं काढायला लागले. तिथून कढईवर गेले आणि शेवटची पंधरा वर्षं दुकानाच्या पुढच्या बाजूला होते. ऑर्डर घेणं, मिरची निवडून देणं, वाळवणाकडे बघणं. मालकांना मसाल्यातलं फारसं कळत नव्हतं आणि हे त्यांनाही माहीत होतं, त्यामुळे आमचं छान जमलं.

काम शिकवलं ते जनाआक्कांनी. कढईवरच्या बायकांत त्या सगळ्यांत जुन्या. मिरची वाळली की नाही हे डोळ्यांनी ओळखायचं नाही, असं त्यांचं पहिलं सांगणं. ती कानाशी धरून हलवायची, आतल्या बिया खुळखुळल्या पाहिजेत. मग बोटांत मोडायची. वाकली तर परत गच्चीवर, कटकन तुटली तर कढईवर. आमच्यात म्हणतात, मिरचीला तीन उन्हं द्यायची. नवीन आलेल्या बाईला वाटायचं, तीन उन्हं म्हणजे तीन दिवस. मलाही वाटलं होतं. तेव्हा जनाआक्का हातातला झारा खाली ठेवून म्हणाल्या, "दिवस नाय गं, उन्हं. उन्हाळा हाय म्हणून ऊन असंलच, असं कोण बोललं तुला? उन्हाळा कॅलेंडरात बघायचा. ऊन गच्चीवर जाऊन बघायचं."

ऐकायला सोपं वाटतं. पण मुंबईत हे कळायला मला चार सीझन लागले. आपल्याकडे एप्रिलमध्ये उजेड इतका असतो की डोळे दिपतात, आणि तरी एखाद्या दिवशी समुद्राकडून अशी घामट हवा येते की दोरीवरचा टॉवेल संध्याकाळपर्यंत ओलसर राहतो. अशा दिवशी मिरची तापते, पण वाळत नाही. हात लावला तर गरम लागते आणि माणूस फसतो. म्हणून दमट दिवस गेला तर तो मोजायचा नाही, त्याच्या बदल्यात एक दिवस पुढे धरायचा. गिऱ्हाईक कटकट करतं, करू द्यायचं.

पूर्वी हा त्रास आमच्यापर्यंत येतच नव्हता. लोक आपापल्या चाळीच्या गच्चीवर मिरची वाळवून आणायचे. मग चाळी पाडून टॉवर झाले आणि सोसायट्यांनी गच्चीला कुलूप लावलं. बाराव्या, विसाव्या मजल्यावर राहायला गेलेल्या बायका आमच्या दुकानात येऊन रडकुंडीला यायच्या. आमचं दुकान जुन्या दोन मजली इमारतीत, वरची गच्ची मोकळी. मी मालकांना म्हटलं, वाळवणाचं काम आपण घेऊ. तेव्हापासून पाटीवर एक ओळ वाढली, 'मिरची वाळवून मिळेल'. ती ओळ माझी. तिचा मला फार अभिमान होता.

अभिमानाचं आणखी एक कारण होतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. मी कढईवर नवीन असताना एक बाई आल्या होत्या. चांगल्या साडीतल्या, बोलायला गोड. ऑर्डर देऊन झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "भाजायला बसणाऱ्या बायका कोण आहेत? म्हणजे, आडनावं काय त्यांची?" आम्ही कढईवर चौघी होतो, चौघी परळच्या चाळींतल्या, चौघींच्या घरात बाबासाहेबांचा फोटो. मी मान खाली घालून धणे हलवत राहिले. जनाआक्का मात्र मोठ्यानं म्हणाल्या, "बाई, या जरा जवळ. मिरची परततेय. ठसका लागला का सांगा, तो कुठल्या आडनावाचा आहे." अख्खं दुकान हसलं. बाई ठसका लागायच्या आत निघून गेल्या.

मी हसले नाही. मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं की माझ्या हाताच्या कामात कुणालाही बोट ठेवायला जागा द्यायची नाही. आणि खरंच दिली नाही. हळूहळू गिऱ्हाइकं मालकांना सोडून मला विचारायला लागली. सुलभाताई, यंदा बेडगी घेऊ की काश्मिरी? सुलभाताई, मसाला काळा का पडला? मी डबा उघडून वास घ्यायचे आणि सांगायचे, खोबरं खवट होतं, किंवा हळकुंड जुनं होतं. माझा शब्द बायका घरी घेऊन जायच्या आणि तिथं तो चालायचा. ज्या हातांचं आडनाव विचारलं गेलं होतं त्यांच्याकडेच आता लोक न्याय मागत होते. डोक्यात हवा जायला एवढं पुरे होतं.

आता त्या एप्रिलचं सांगते.

घोडपदेवच्या परबकाकू आमच्या जुन्या गिऱ्हाईक. मूळच्या मालवणच्या, बोलणं खणखणीत. मसाला करून घ्यायच्या तो दहा किलोच्या हिशेबानं, कारण त्यांच्या दोन बहिणींच्या घरीही त्यातला जायचा. त्या वर्षी त्या सुनेला घेऊन आल्या. प्रणाली तिचं नाव. साताऱ्याकडची, लग्नाला दीड वर्ष झालेलं, फोर्टला कुठल्याशा ऑफिसात नोकरी. मुलानं स्वतः जमवलेलं लग्न, त्यामुळे काकू अजून पूर्ण विरघळलेल्या नव्हत्या. पण त्या दिवशी मूड चांगला होता. मला म्हणाल्या, "ह्या वर्सापासून बरणी हिची. माझ्यान आता होवचा नाय."

हे साधं वाक्य नाही. त्यांच्या घरात वर्षाचा मसाला एका मोठ्या चिनी मातीच्या बरणीत दाबून भरतात, मध्ये हिंगाचे खडे घालतात, तोंडाला फडकं बांधतात. त्या बरणीला हात लावायचा तो एकीनंच. काकूंना ती त्यांच्या सासूनं लग्नानंतर नवव्या वर्षी दिली होती. प्रणालीला दीड वर्षात मिळत होती. पोरगी इतकी खूश होती की तिनं माझ्याकडून बरणी कशी पुसायची, किती दिवस उन्हात ठेवायची, सगळं मोबाईलवर लिहून घेतलं. "ताई, एकदम बेसिक विचारते, हसू नका हां. चमचा स्टीलचा चालेल की लाकडाचा?" मी सांगितलं, कुठलाही चालेल, खडखडीत कोरडा हवा. तिनं तेही लिहून घेतलं.

मिरची सोमवारी गच्चीवर गेली. काकूंना शुक्रवारी पहाटे गावी निघायचं होतं आणि त्याआधी बरणी भरून सुनेच्या हातात द्यायची होती. मी गुरुवारी सकाळी मसाला देते असं सांगितलं. सोमवारी ऊन कडक पडलं. मंगळवारी हवा बदलली. आभाळ नव्हतं, पण उजेड मळकट आणि अंगाला नुसती चिकचिक. बुधवारी तसंच, दुपारी दोनेक तास बरं ऊन मिळालं असेल.

मंगळवारीच शिवाजी पार्कचे कर्णिक सर आले होते. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, पत्नी गेल्यानंतर तिचा मसाला दरवर्षी स्वतः करून घेणारे. आमच्या बायकांना त्यांची चेष्टा करायला आवडायचं, कारण ते मिरची घेतानाही वर्गात असल्यासारखे बोलायचे. त्यांचीही मिरची गच्चीवर होती. त्यांनी वर जाऊन हात घालून बघितला आणि खाली येऊन म्हणाले, "सुलभाबाई, माझं पोतं दोन दिवस जास्त राहू द्या. ही हवा मिरचीची नाही."

मी म्हटलं, "सर, एप्रिल आहे. एप्रिलमध्ये पाऊस पाडताय का?"

"पाऊस नाही म्हणत हो. ऊन नाही, म्हणतोय. ऋतू म्हणजे पुष्कळ वर्षांची सवय. हवामान म्हणजे आजची वागणूक. सवयीवर विसंबून आजचं काम करू नये."

"सर, घंटा झाली, वर्ग सुटला," मी म्हटलं. कढईवरच्या बायका फिदीफिदी हसल्या. सरही हसले. त्यांचं पोतं दोन दिवस जास्त राहिलं आणि त्यांचा मसाला वर्षभर उत्तम टिकला, हे त्यांनी नंतर सांगितलं.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. जनाआक्कांनी शिकवलेलं होतं, सरांनी तोंडावर सांगितलं होतं. पण तो बाबासाहेबांच्या जयंतीचा आठवडा होता. आमच्या चाळीत मंडप, मुलींचं लेझीम, भोजनदानाची तयारी, सगळं डोक्यावर. दुकानात सीझन भरात, खाली आठ पोती गच्चीवर जागा मिळायची वाट बघत पडलेली. बुधवारी दुपारी मी वर गेले, परबकाकूंच्या मिरचीतली एक उचलली आणि मोडली. ती वाकली. दुसरी मोडली, ती अर्धी वाकून तुटली. तिसरी मोडलीच नाही. मी मनात म्हटलं, सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन झाले. परतताना राहिलेली ओल निघून जाईल. ती जात नसते. वरचं साल तापतं आणि आतली ओल आतच राहते, हे मी शंभर बायकांना शिकवलेलं आहे. पोतं खाली आणायला सांगितलं आणि साडेचारला घरी निघून गेले.

गुरुवारी मसाला गेला. शुक्रवारी काकू गावी गेल्या.

त्यानंतर श्रावणाच्या शेवटी, गणपतीच्या खरेदीनं लालबाग फुलून गेलेलं असताना, दोघी परत आल्या. काकू पुढे, हातात स्टीलचा डबा. प्रणाली दोन पावलं मागे, ऑफिसची बॅग खांद्याला. काउंटरवर दहाबारा बायका होत्या. काकूंनी डबा माझ्यासमोर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुलभा, नाकाक लाव. वर्साचो मसालो गेलो."

मी झाकण उघडलं. मसाल्याला जाळी धरली होती, रंग चहाच्या चोथ्यासारखा झाला होता. मी काकूंना विचारलं, हा बरणीतला वरचा आहे की खालचा? काकू म्हणाल्या, खालचा, तळातला. वरचा तर याहून बरा आहे.

तिथंच मला सगळं कळलं. ओला चमचा गेला तर मसाला वरून बिघडतो, जिथं चमचा लागला तिथं गुठळी होते, ठिपके पडतात. बरणीतला मसाला वरून जेमतेम चार बोटं वापरला गेला होता. तळाला कुणाचा चमचा पोचलाच नव्हता. तळातून बिघडलेला मसाला म्हणजे कच्ची मिरची. वासही तोच होता, दमट गोणपाटाचा. माझ्या डोळ्यांसमोर ती वाकलेली मिरची उभी राहिली.

काकू म्हणाल्या, "काय झाला ता सांग. तू सांगशील ता खरा."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मागच्या कढईवरच्या बायकांनीही हात थांबवले होते. मी झाकण लावलं आणि म्हटलं, "ओला चमचा गेलाय."

प्रणाली पुढे आली. "नाही ताई. मी एकदापण ओला चमचा घातला नाही. तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं. प्रॉमिस."

आणि मी काय केलं? मी तिच्या हातावर हात ठेवला आणि मायेनं म्हटलं, "होतं गं असं नवीन मुलींकडून. घाईत लक्षात येत नाही. मनाला लावून घेऊ नकोस." त्या मायेची मला खोटं बोलण्यापेक्षा जास्त लाज वाटते. खोटं एका क्षणात तोंडातून निसटलं म्हणता येईल. ती माया मी वरून घातली, शांतपणे, चांगली बाई दिसावी म्हणून.

प्रणालीनं हात काढून घेतला. काकूंनी सुस्कारा टाकला आणि काउंटरवरच्या बायकांकडे बघून मान हलवली. त्या बायकांनीही मान हलवली. मी काकूंना आमच्याकडच्या तयार मसाल्याचा एक पुडा भेट म्हणून दिला. काकू म्हणाल्या, देव तुझा बरा करो.

एका पोरीच्या हाताला मी भर दुकानात बट्टा लावला. जिच्या स्वतःच्या हातांकडे कुणीतरी संशयानं बघितलं होतं, तिनं. ज्या बाईनं आडनावं विचारली तिचा राग मी तीस वर्षं धरला. तिला निदान माझ्या हातांबद्दल काही माहीत नव्हतं. मला प्रणालीच्या हातांबद्दल माहीत होतं, ते कोरडे होते.

पुढच्या एप्रिलला काकू एकट्याच आल्या. मी विचारलं, प्रणाली नाही आली? काकू म्हणाल्या, "तिका कित्याक आणू? हात ओलो तिचो." त्या क्षणी सांगता आलं असतं. दुकानात त्या दिवशी फारशी गर्दीही नव्हती. मी बेडगीचा भाव सांगितला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. काकूंच्या मिरचीला मी दोन्ही वर्षं चार-चार उन्हं दिली, स्वतः उभी राहून, एकेक मिरची कानाशी लावून. जणू त्यानं काही फिटणार होतं.

गेल्या वर्षी सीझन सुरू व्हायच्या आधीच मी काम सोडलं. या वर्षी मे महिन्यात कळलं की काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून भेटायला घोडपदेवला गेले. नवीन टॉवर, चौदावा मजला. काकू पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. मला बघून खूप आनंद झाला त्यांना. गप्पा चालू असताना आतून प्रणाली आली. सुट्टीचा दिवस होता, ती स्वयंपाक करत होती. हातात एक रिकामी वाटी.

"आई, दोन चमचे द्या ना. वालाची उसळ टाकतेय."

काकूंनी पलंगाशेजारच्या कपाटाचं दार ढकललं. खालच्या खणात ती बरणी. त्यांनी ऑपरेशन झालेल्या पायाच्या वेदना सोसत कलून फडकं सोडलं, चमचा पदराला दोनदा पुसला, दोन चमचे मसाला वाटीत घातला, पुन्हा फडकं बांधलं. प्रणाली वाटी पुढे धरून उभी होती, रेशनच्या रांगेत उभं राहावं तशी. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिला हे रोजचंच होतं. चार वर्षं ती स्वतःच्या स्वयंपाकघरात लागणारा मसाला वाटी घेऊन मागत होती.

मला बसवेना. मी म्हटलं, "काकू, थांबा. प्रणाली, तूपण थांब. मला काहीतरी सांगायचंय." आणि सांगितलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. वाकलेली मिरची. तळातला वास. एक शब्द गाळला नाही. रडून सुटून जायची मला इच्छा नव्हती.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग हसल्या. माझा हात धरला आणि प्रणालीला म्हणाल्या, "बघितलंस? हेका म्हणतत मन मोठा. तुका बरा वाटुक व्हया म्हणान ही आपल्या अंगार घेता."

मी म्हटलं, "काकू, मी खरं सांगतेय. चूक माझी होती."

"गो सुलभा, पस्तीस वर्सां तुझ्या हातचो मसालो खालो. तुझी चूक? माका नको शिकवू." आणि विषय बदलून त्या फिजिओथेरपीवाल्याबद्दल बोलायला लागल्या.

मी खोटं बोलले तेव्हा त्यांनी अर्ध्या मिनिटात विश्वास ठेवला होता. खरं बोलले तर त्यांना ते माझं मोठेपण वाटलं. पंधरा वर्षं कमावलेला शब्द असा उलटला की तो मलाच परत घेता येईना.

निघाले तेव्हा प्रणाली लिफ्टपर्यंत आली. बटण दाबून म्हणाली, "ताई, मसाला तळाला जास्त खराब होता. मी तेव्हाच घरी बघितलं होतं. मला वाटलं, तुम्ही तरी ते बघाल."

"बघितलं होतं," मी म्हटलं.

लिफ्ट आली, दार उघडलं आणि बंद झालं. ती म्हणाली, "बघितलं होतं? मग?"

"दुकान भरलेलं होतं गं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या."

"माझ्यासाठीपण भरलेलंच होतं, ताई."

मी माफी मागितली. ती 'ठीक आहे' म्हणाली नाही, आणि तिनं तसं म्हणायचं काही कारणही नव्हतं. तिनं पुन्हा लिफ्टचं बटण दाबलं.

दिवाळी अंकाचं निघालं तेव्हा मी तिला फोन केला. म्हटलं, मी हे लिहिणार आहे, नावं बदलू का? ती म्हणाली, "बदलू नका. आई हा अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, जाहिराती धरून. छापलेलं असलं की त्यांना खरं वाटतं."

म्हणून संपादकांनी मागितलेल्या गमतीजमती बाजूला ठेवून हे लिहिलं. वाचणाऱ्यांना कंटाळा आला असेल तर माफ करा. हे खरं म्हणजे एकाच घरासाठी आहे.

परबकाकू, तुम्ही इथपर्यंत वाचलं असेल. यात माझा मोठेपणा शोधू नका, तो नाही. मिरचीला मी एकच ऊन दिलं होतं आणि तीन मोजली. मसाला माझ्यामुळे गेला, हे मला डबा उघडला त्याच क्षणी माहीत होतं. तुम्ही पस्तीस वर्षं माझ्या शब्दावर भरवसा ठेवलात, तर एवढ्या एका शब्दावर ठेवा. प्रणालीला हाक मारा. ती वाटी घेऊन येईल. वाटी बाजूला ठेवायला सांगा आणि बरणी तिच्या हातात द्या.